अकरा नंबरची खोली

पहिल्या दिवशी आबांनी माझं आधार कार्ड मागितलं नाही. "जीभ दाखव," म्हणाले.

मी चिखलीत खोली बघायला गेलो होतो. बॅगेत दोन जोड कपडे आणि आमच्या कामगार गटाची उरलेली पत्रकं. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा, पांढरा पायजमा, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. मी जीभ दाखवली नाही. त्यांचं काही अडलं नाही. त्यांनी माझ्या नखांकडे पाहिलं, मग केसांकडे, मग चपलांच्या झिजलेल्या टाचांकडे.

"पित्त," ते म्हणाले. "चिडका हायस. उपाशी ऱ्हायलास की भांडतोस. चार नंबर घे, तिथं दुपारचं ऊन येत न्हाई."

मी सकाळपासून उपाशी होतो, आणि भांडायच्याच बेतात होतो. हेच मला आवडलं नाही. अनोळखी माणसाने आपल्याला पाच मिनिटांत वाचावं, हा एक प्रकारचा चोरटेपणा आहे असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

आबा जुन्या गावातल्या शेतकरी घराण्यातले. जमीन होती तोवर आसपासची माणसं बैल घ्यायच्या आधी त्यांना दाखवायला आणायची. शिवाय गावात पूर्वी एक वैद्य येत, त्यांना पानं-मुळ्या गोळा करून देता देता आपण नाडी शिकलो, असं ते सांगत. मग बैल गेले, जमीन विकली गेली, उरलेल्या तुकड्यावर अकरा खोल्या उभ्या राहिल्या. खोल्यांत माणसं आली. आबांनी बैलांवरची नजर उचलून माणसांवर ठेवली.

खाली सात खोल्या, वर पत्र्याच्या तीन, आणि अकरावी मागच्या बाजूला, न्हाणीघरातल्या बंबाच्या भिंतीला लागून. कोणाला कुठली खोली हे ते प्रकृतीवर ठरवत. भरदार, संथ, गाढ झोपणारी कफाची माणसं वर, जिना चढावा लागतो आणि पत्रा तापतो म्हणून. माझ्यासारखी गरम डोक्याची, भूक न सोसणारी पित्ताची माणसं सावलीत. किडकिडीत, भरभर बोलणारी, झोप कमी असलेली वाताची माणसं वाऱ्यापासून लांब. नावं ते घेतच नसत. "ए वाता, नळ बंद कर." "वरच्या कफाला सांगा, दिवसा झोपू नगं, अंग जड हुईल." चाकणच्या कंपन्यांत काम करणारी, आयटीआय झालेली पोरं निमूट ऐकायची.

"प्रकृती म्हंजे माप," आबा सांगत. "आईच्या पोटातच ठरतं. माणूस त्या मापाचा जल्मतो आन त्याच मापाचा मरतो. मधी खाण्यापिण्यानं वर-खाली हुतं, आजार येतात, जातात. माप बदलत न्हाई."

जन्मावरून माणसाची जागा ठरवणं ही गोष्ट मला फार ओळखीची होती. मी त्यांना तोंडावर तसं म्हणालो. ते चिडले नाहीत.

"जात इचारली का मी तुला? पाटलाचा पोरगा बी पित्त, तू बी पित्त. चहा कमी कर."

चहा मी कमी केला नाही. पण सकाळी नऊच्या कंपनीच्या बसआधी उपाशीपोटी वडापाव आणि तळलेली मिरची खायचो, ते सोडलं, आणि छातीतली जळजळ पंधरा दिवसांत थांबली. हे मी कोणाला सांगितलं नाही. चळवळीतल्या माणसाने शत्रूपक्षाचा सल्ला मानला की तो गुपचूप मानायचा असतो.

चार नंबरमध्ये माझ्याबरोबर इलियास राहायचा, उदगीरकडचा. आमची गादी एकच. मी रात्री झोपायचो, तो दिवसा. आमच्या भागात ही पद्धत सगळीकडे आहे, एक उठून शिफ्टला जातो आणि दुसरा येऊन त्याच गादीवर पडतो. इलियास कफाचा, नियमाने वरचा, पण दिवसा तापल्या पत्र्याखाली झोप लागत नाही म्हणून ही जोडी आबांनी लावली होती. "तू उठलास की गादी गरम असती, ती ह्या कफाला बरी. ह्यो उठला की गार, ती तुला बरी." इलियास एका शेडात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या भट्टीवर होता. भट्टी रात्रीच पेटायची, धूर दिसू नये म्हणून. अंगाने दांडगा, हसतमुख, जेवून झाल्यावर गूळ खाणारा. झोपला की वाडगं डोक्यावर वाजवलं तरी उठायचा नाही. गादीत त्याच्या वजनाचा खड्डा पडायचा आणि रात्री मी त्या खड्ड्यात झोपायचो, दुसऱ्याच्या अंगाच्या साच्यात.

आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. अशाच एका गुरुवारी भर दुपारी मी बाहेरून आलो तर आबा चार नंबरच्या दाराला कान लावून उभे होते. आत इलियास झोपलेला. ऊन रणरणत होतं, चौकात चिटपाखरू नव्हतं. आबांनी बोट ओठांवर ठेवलं. थोड्या वेळाने पाच नंबरच्या दारापाशी गेले, मग सहाच्या. रात्रपाळीची पोरं आत झोपलेली, आणि हा म्हातारा भरदिवसा एकेकाचा श्वास ऐकत चाललेला.

"काय चाललंय हे आबा?"

"कोन कसा झोपतो ते बघतो."

"बघायचं काय त्यात?"

"जागा असला की माणूस खोटं बोलतो," ते म्हणाले आणि सातकडे वळले.

अकरा नंबरबद्दल मला वरच्या पोरांनी सांगितलं. माझ्या आधी दोन भाडेकरू होते. एक वरच्या मजल्यावरचा कफ, एक माझ्यासारखा पित्त. दोघांनाही आबांनी, एका वर्षाच्या अंतराने, स्वतःहून सामान उचलून अकरात नेलं. दोघेही नंतर दोन-तीन महिन्यांत गावाला गेले. एक तिकडेच मेल्याचं कळलं, दुसऱ्याचं काही कळलं नाही. "म्हाताऱ्यानं खोली बदलली ना भावा, की माणूस गेला समज," वरचा एकजण म्हणाला. तो हसत नव्हता. मी ती खोली पाहून आलो. खिडकी नाही. बंबाकडची भिंत हाताला कोमट लागत होती. जनावराच्या पोटाला हात लावल्यासारखं वाटलं.

पोरांनी मग आबांच्या नजरेसमोर यायचं टाळायला सुरुवात केली होती. जांभई आली तरी तोंडावर हात धरायचे, जीभ दिसू नये म्हणून.

पावसाळा संपता संपता एका सकाळी न्हाणीघराबाहेर गर्दी होती. मी टॉवेल घेऊन रांगेत. आबा ओल्या कोब्यावर वाकून पावलांचे ठसे बघत होते. ही त्यांची रोजची सवय. कोणाचं पाऊल आहे हे ते ठशावरून सांगायचे, कधी चुकायचे नाहीत.

"नवा कोन आलाय?" त्यांनी विचारलं.

कोणी नवा आला नव्हता.

"ह्यो बघा. टाच उमटली, बोटं घासत गेलीत. वाताचा पाय हाय. आपल्या वातातल्यांत असा पाय कुनाचाच न्हाई."

ठसे चार नंबरकडे गेले होते. आम्ही सगळ्यांनी एकदमच तिकडे पाहिलं. इलियास दारात उभा होता, हातात बादली. बादली रिकामी होती, तरी त्याचा हात थरथरत होता. मी त्याला रोज बघत होतो, बसला निघताना दारात पाच मिनिटं. गेले कित्येक दिवस गादीत खड्डा पडत नव्हता, हे मला त्या क्षणी आठवलं. गादी सपाट असायची. कोणी झोपलंच नसल्यासारखी.

आबा सरळ झाले. खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग इतक्या मऊ आवाजात बोलले की पोरं मागे सरकली.

"ये बाळा. आज अकरामधी ये झोपायला."

इलियासने माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. "भौ, मी काय केलं?" तो म्हणाला. "मला नाही जायचं तिकडं."

"तू कुठेही जाणार नाहीस," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा होता: जीभ दाखवू नका. रागात लिहिलेलं होतं आणि चांगलं उतरलं होतं. माणसाच्या अंगावर शिक्का मारून त्याला कोपऱ्यात ढकलणाऱ्या बुवाबाजीविरुद्ध, नाडीच्या नावाने भीती विकणाऱ्यांविरुद्ध, एकजुटीने नकार द्या वगैरे. सगळ्या खोल्यांत वाटलं, एक नळाजवळ चिकटवलं. दुसऱ्या दिवसापासून कोणी आबांच्या खुर्चीसमोर थांबेना. त्यांनी नाडीसाठी हात पुढे केला की पोरं खिशात हात घालून निघून जायची. मला तो विजय वाटला. आबा नळाजवळ उभे राहून पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचताना मी पाहिलं. "लिवलंय चांगलं," एवढंच म्हणाले.

आणि पुढच्या तीन आठवड्यांत इलियास अर्धा झाला. पोटात मुरडा यायचा तेव्हा तो भिंतीला गुडघे टेकवून बसायचा. दिवसभर टक्क जागा. मी त्याला मेडिकलमधून गॅसच्या गोळ्या आणून दिल्या आणि संघटनेच्या बैठकीला गेलो.

मग एका गुरुवारी आबा आमच्या दारात आले. आत आले नाहीत. हातात शाळेची दोनशे पानी वही.

"पत्रकवाल्या, तुला वाचाया येतं. ह्ये वाच."

एकेका भाडेकरूला एकेक पान. जीभ, नखं, झोप, घाम, शौच, तोंडाची चव. गिचमिड अक्षर, पण महिन्यामहिन्याला न चुकता लिहिलेलं. तीन पानांच्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवलेला होता. आधीचे दोघे आणि इलियास.

"तिघं एका मापाची न्हाईत, दोन कफ, एक पित्त," आबा उंबऱ्याबाहेर उकिडवे बसून म्हणाले. "आले तवा येगळे होते. मग तिघांचं बी पोट बांधलं, मुरडा आला. झोप गेली, कातडी सुकली, हात कापाया लागला. एकाच साच्यातून काढल्यागत वात. आता हितं बघ."

त्यांचं बोट तीन पानांवरून फिरलं. तोंड गोड. तोंड गोड. तोंड गोड.

"वातात तोंड गोड ऱ्हात न्हाई. ते कफाचं लक्षन. मेळ खात न्हाई. पयल्यापासून माझ्या डोस्क्यात हाय ह्ये."

"पहिल्यापासून?" मी म्हणालो. "तुम्ही तिघांना वाळताना बघत बसलात, लिहीत बसलात, आणि एकालाही बोलला नाहीत?"

"माप बदलत न्हाई पोरा. बदललं, तर ते काळाचं लक्षन. जानत्यानं ते तोंडावर सांगू न्हाई, असं हाय. माणूस भ्यानंच जातो. त्याला जाईस्तवर ऊब द्यावी. समद्यात उबेची खोली अकरा नंबर हाय. वाताला ऊब लागती."

"म्हणजे हे मरणार, असं तुम्ही मनाशी ठरवलंत, आणि खोली बदलून दिलीत."

"व्हय," आबा म्हणाले.

इलियास गादीवर बसून हे ऐकत होता. मला तो 'व्हय' अजून ऐकू येतो. त्यात कपट नव्हतं, हेच भयंकर होतं. दोन माणसं त्या मायेच्या हाताने कोमट भिंतीशी नेऊन ठेवली होती.

मी वहीत शोधलं. तिघांपैकी कोण कुठे कामाला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"ते मी इचारत न्हाई," आबा म्हणाले. "काम काय, माणूस कुठं बी करंल. माप घरून येतं."

"इलियास," मी विचारलं, "तोंड गोड का लागतं तुझं?"

"गुळानं," तो म्हणाला. "शेडात मालक रोज गूळ देतो ना. गूळ खाल्ला की धूर उतरतो म्हणतो." मग म्हणाला, "आता गूळ नाही खाल्ला तरी लागतं. पाणी बी गोड लागतं."

"आणि हे आधीचे दोघे?"

"ते शेडातलेच की. त्यातल्याच एकानं तर लावलं मला तिथं."

बाहेर बंबाचा धूर चौकात खाली उतरत होता. मी प्रत्येक नव्या भाडेकरूला पहिल्याच भेटीत कंपनी, ठेकेदार, शिफ्ट विचारायचो. इलियास काय वितळवतो ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शिशाने काय होतं यावर आमच्या गटाचं एक पत्रकही होतं, माझ्या बॅगेत. मी त्याला ते दिलं होतं. त्याच्या हाताकडे मात्र पाहिलं नव्हतं. आणि ज्याने हाताकडे पाहिलं होतं त्याच्यासमोर कोणी हात धरू नये, याची व्यवस्था मीच केली होती.

त्याच दुपारी आम्ही रिक्षाने सरकारी दवाखान्यात गेलो. आबा न विचारता रिक्षात बसले, वही मांडीवर. डॉक्टरबाई तरुण होत्या, दमलेल्या. त्यांनी इलियासचा ओठ वर उचलला. हिरड्यांच्या कडेने काळपट निळी रेघ होती, पेनाने आखावी तशी. मग त्यांनी त्याला दोन्ही हात पुढे सरळ धरायला सांगितले. डावा राहिला. उजवा मनगटापासून खाली लोंबला.

"उचल," बाई म्हणाल्या.

"उचललाय मॅडम," इलियास म्हणाला.

बाईंनी आबांची वही उलटून पाहिली. तीन पानं वाचली. "ही चव गुळाची नाही," त्या म्हणाल्या. "शिशाची आहे. रक्त तपासायला पाठवते, पण आजपासून त्या शेडात पाय टाकायचा नाही." मग आबांकडे बघून त्यांनी विचारलं, "हे सगळं लिहीत होता, तर आणलं का नाही कोणाला?"

आबांनी टोपी काढली आणि परत घातली.

रक्ताच्या तपासणीत शिसं निघालं. उपचार लांबले. इलियासचं पोट हळूहळू सुटलं, झोप आली, थोडं अंग भरलं. उजवा हात पूर्ण वर येत नाही, तो आता तसाच राहील असं सांगितलं आहे. आबांनी मला आधीच्या दोघांपैकी ज्याचं काही कळलं नव्हतं, त्याचा नंबर लावायला सांगितला. एका बाईने फोन उचलला. "ते हायेत, पण वळखत नाहीत कुणाला. तुम्ही कोण?" आबा म्हणाले, "मी घरमालक." फोन मी घेतला.

त्याच दिवशी अकरा नंबरला कुलूप लागलं.

आम्ही तक्रार केली. आमच्याकडे निरीक्षक येण्याआधी तो येणार ही बातमी येते. शेड धुतलेलं निघालं, भट्टीवर ताडपत्री, कागदावर लिहिलं गेलं की काम बंद आढळले. आठवड्याने धूर पुन्हा सुरू. तेव्हा मी दुसरं पत्रक काढलं, या वेळी छोटं. पोटात मुरडा, हाताला कंप, हिरडीवर रेघ, तोंड गोड. असेल तर दवाखान्यात चला, आम्ही बरोबर येतो. ओळी जवळजवळ आबांच्या वहीतल्याच होत्या. वाटायला निघालो तेव्हा आबा म्हणाले, मी येतो. इलियास म्हणाला, मी बी.

सकाळी आठला शेडाचं छोटं दार उघडलं. रात्रपाळीची माणसं एकेक करून वाकून बाहेर आली. आबा समोरच्या कठड्यावर बसून बघत होते. बैल पारखायला बसत असतील तसे, हनुवटी काठीवर. एक, दोन, चार, सात. सगळ्यांची चाल तीच, बोटं घासत जाणारी. सगळ्यांचे गाल तसेच आत गेलेले, रंग राखेचा. ऊन तोंडावर आलं तरी कोणी डोळे बारीक केले नाहीत.

आबांनी माझी बाही ओढली. "ही एकाच आईची पोरं हायत का रं?"

"नाही आबा. दोघे बिहारचे आहेत, तो ओडिशाचा, हे परभणीकडचे."

आबा काठी टेकत कठड्यावरून उठले.

पत्रक कोणी घेईना. मालकाचा माणूस दारात उभा होता. एकजण तेवढा आमच्यापाशी रेंगाळला, विशीतला, बाकीच्यांपेक्षा अजून अंगाने बरा. त्याची नजर आबांच्या पांढऱ्या टोपीवर होती. गावाकडे असा म्हातारा असतो, म्हणून असेल. आबांनी हात पुढे केला आणि त्याने सवयीने आपलं मनगट त्यांच्या हातात दिलं. आबांनी डोळे मिटले. बराच वेळ नाडी धरून राहिले. मी वाट बघत होतो ते आता वात म्हणतील, पित्त म्हणतील.

"बाळा," आबा म्हणाले, "आत तू काय काम करतोस?"

"भट्टीवर आहे. पळीनं शिसं साच्यात ओततो," तो म्हणाला. "नवीनच लागलोय. आधी एक होता म्हणे, लई जाडा. तो गेला."

"कुठं गेला?"

"गेला म्हणजे काय, गेला. वारला असेल. आत तसंच बोलतात."

इलियास माझ्या शेजारीच उभा होता. तो एक पाऊल पुढे झाला, आणि जो हात उचलता येत नव्हता त्याच हाताने, खाली लोंबणाऱ्या बोटांत कसाबसा धरलेला कागद त्याच्यापुढे केला.

"नाही गेलो अजून," तो म्हणाला. "हे घे. वाच."